हिपॅटायटिस सी: औषध लागू पडेल का, हे प्रथिने सांगतात?

रक्तातली प्रथिने तपासून हिपॅटायटिस सीचे औषध लागू पडेल का ते आधीच कळते का, असे इंदूरचे वाचक पुन्हा पुन्हा विचारत आहेत. त्याचे उत्तर यावेळी सविस्तर देतो.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली. आजार नक्की ना? (स्नेहलतागंज)

नाही. ही अँटिबॉडीची चाचणी विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढेच सांगते. तो आत्ता रक्तात आहे का, हे पाहणारी आरएनए पीसीआर चाचणी आधी करून घ्या.

वडील ५४ वर्षांचे, पीसीआर पॉझिटिव्ह. यकृताची एन्झाइम्स एएसटी ८०, एएलटी ६४, प्लेटलेट १ लाख ३५ हजार, अल्ब्युमिन ३.१. लॅबवाल्यांनी प्रथिनांचे महागडे पॅकेज सुचवले आहे. रिपोर्टला तीन आठवडे लागतील. तोवर थांबावे का? (सुदामानगर)

अजिबात थांबू नका. इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात अशा तपासणीला अर्थ होता. विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे प्रकार, १ असेल तर ४८ आठवडे इंजेक्शने, ताप, नैराश्य, आणि एवढे सोसूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होत नसत. आयपी-१० हे प्रथिन सुरुवातीलाच वाढलेले असेल तर यशाची शक्यता कमी, असे तेव्हा दिसले होते. आज सोफोसबुवीर आणि वेलपॅटासवीरच्या गोळ्या बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरातले ९५हून अधिक बरे होतात. पॅकेजचा निकाल काहीही येवो, औषध द्यायचेच आहे. मग जुन्या संशोधनाच्या नावावर घाबरलेल्या घरातून पैसे का काढायचे?

खरी माहिती तुमच्या हातातल्या साध्या रिपोर्टमध्येच आहे. वय गुणिले एएसटी म्हणजे ४३२०. हजारांतले प्लेटलेट, १३५, गुणिले एएलटीचे वर्गमूळ, ८, म्हणजे १०८०. भागाकार ४. याला फिब-४ म्हणतात. तो ३.२५च्या वर गेला की यकृतात बरेच व्रण असण्याची शंका येते. अल्ब्युमिनही प्रथिनच आहे, आणि ते ३.५च्या खाली आहे, याची मला जास्त काळजी वाटते. पोटात पाणी आहे का, बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) किती, यावरून रिबाविरिन हे आणखी एक औषध जोडायचे की उपचार २४ आठवडे चालवायचे हे ठरते. हिपॅटायटिस बीची तपासणीही आधीच हवी, कारण सी दबला की बी उसळू शकतो. वडिलांना याच आठवड्यात यकृततज्ज्ञांकडे न्या. २०१८पासून सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. एम. वाय. रुग्णालयात चौकशी करा.

वहिनींना कावीळ नाही, तरी शेजारी काविळीची माळ घाला म्हणतात. (रामबाग)

माळेने विषाणू जात नाही. हा आजार कावीळ न होताही वर्षानुवर्षे यकृत पोखरतो. वहिनींना तपासणीला न्या.

अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत चालेल?

स्वतःच्या मनाने नको, वेलपॅटासवीर नीट शोषले जात नाही. फिट्सची किंवा टीबीची औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

गोळ्या संपल्या, अँटिबॉडी अजून पॉझिटिव्ह आहे.

ती बहुधा जन्मभर राहील. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए करा. निगेटिव्ह आला तर बरे झालात. सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक झालेले, असेल तर त्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून डॉक्टरांना दाखवत राहा.