परदेशात शिकताना तिथल्या भाषेत मन मोकळं करता येत नाही. ऑनलाइन समुपदेशन मातृभाषेत मिळतं का?

हो, बऱ्याचदा मिळतं, आणि पहिली चौकशी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातच करा. बरीच विद्यापीठं बाहेरच्या ऑनलाइन सेवेशी करार करतात. तिथे भाषा निवडता येते किंवा दुभाषा मागता येतो, पण आपण विचारल्याशिवाय हे सहसा कुणी सांगत नाही. दुभाषा म्हणून मित्राला मात्र बसवू नका, अर्धं मनातच राहतं. मायदेशातल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलणार असाल तर परवान्याचं आधी विचारून घ्या: अनेक ठिकाणी तुम्ही ज्या देशात राहता तिथला परवाना लागतो. नंबर लागेपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेची ताणतणावावरची सचित्र पुस्तिका (२०२०) बघा, अनेक भाषांत मोफत आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर भाषेसाठी थांबू नका, स्थानिक आपत्कालीन क्रमांक लावा. मोडकंतोडकं बोललात तरी चालेल.