मलिदा लाटणारे आणि मलिदा करणारे

प्रश्न असा आला आहे : "ठेकेदारांनी मलिदा लाटला, असं आपण बातम्यांत वाचतो. पण इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी कळवलं, 'नातवाच्या लग्नाआधी घरी मलिदा केला.' हा तोच शब्द आहे का?"

हो, शब्द तोच. मूळ फारसी. 'मालीदन' म्हणजे चोळणं, मळणं. 'मालीदा' म्हणजे चोळलेलं, कुस्करलेलं. आपली 'मालिश'ही याच धातूची. गव्हाची पोळी कुस्करून तिच्यात तूप-गूळ चोळला की मलिदा होतो. आपल्याकडे पिराच्या उरुसात तो आजही वाटतात. तुपाळ आणि गोड म्हणून पुढे तो फुकटच्या लाभाला चिकटला. या अर्थाचं इतकंच.

तुमच्या शेजाऱ्यांचा मलिदा मला त्याहून कितीतरी मोलाचा वाटतो. ते बेने इस्राएल असणार, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, असं ते परंपरेने सांगतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर.

त्यांच्या मलिद्यात गहू नसतो. भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलदोडा, जायफळ, बदाम-बेदाणे हे हाताने हलकेच एकजीव करतात आणि ताटात रचून वर खजूर, केळी, सफरचंद अशी फळं मांडतात. घटक पार बदलले तरी नाव टिकलं, याचं कारण मला त्या हाताने कालवण्यात दिसतं. चोळण्याचा मूळ अर्थ तिथे शाबूत आहे.

पण त्यांच्या बोलण्यात मलिदा हे पदार्थाबरोबर विधीचंही नाव आहे, म्हणून क्रियापद 'करणे'. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना मलिदा करतात. हिब्रू प्रार्थना म्हणतात, प्रेषित एलियाहूचं स्मरण करतात आणि फळांवर आशीर्वचनं म्हणून ती वाटतात. झाडाच्या फळाचं आशीर्वचन वेगळं, जमिनीतून येणाऱ्याचं वेगळं. केळं या दुसऱ्या गटात बसतं. एलियाहूला ते 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात. हिब्रूत 'हा' हे निश्चयवाचक उपपद आणि 'नावी' म्हणजे प्रेषित. आपल्या परिचयाचा अरबी 'नबी' हा त्या 'नावी'चा सख्खा भाऊ.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना इथे वसली. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. पण सुरुवातीची वर्षं सोपी नव्हती. १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका घेतली. मोठं आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य झालं. हिब्रूत सहसा स्वरचिन्हं देत नाहीत. त्यामुळे 'मलिदा' लिहिला की त्याच अक्षरांचा 'मिलेदा' असाही उच्चार होतो, आणि मिलेदा म्हणजे 'जन्मापासून'. व्युत्पत्तीशी याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण जन्माने ज्यू आहोत हे ज्यांना सिद्ध करावं लागलं, त्यांच्याच ताटावर हा शब्द यावा, याने मी हेलावतो.

आणखी एक शब्द याच गोष्टीतला. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावात (घाटातलं खंडाळा नव्हे) एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू रथातून इथे उतरला, त्याच्या घोड्यांच्या त्या टापा, अशी श्रद्धा आहे. त्या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. अस्सल मराठी नाव! इस्रायलमध्ये गेल्यावर खंडाळे दूर राहिलं, तेव्हा नवस फेडायला मंडळी हैफाला कार्मेल डोंगरावरच्या एलियाहूच्या गुहेत जाऊ लागली. तिथेही मलिद्याचं ताट बरोबर असतं.