रेकॉर्डर नावाच्या बासरीवर अक्षरं बघून थीम वाजवते, बोटं बरोबर पडतात, तरी धून ओळखू येत नाही. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न असा आहे: रेकॉर्डर घेऊन थोडेच दिवस झालेत, एका चित्रपटाची थीम सी, डी, ई अशा अक्षरांत लिहिलेली मिळाली, बोटं जमली, पण ऐकणाऱ्याला धून काही केल्या ओळखू येत नाही. मूळ संगीत लावून वाजवलं तर ते जुळतही नाही. मग संगीत लिहायची पाश्चात्य, पाच रेषांची लिपी शिकायलाच हवी का?

नको, एवढ्यासाठी नको. पण तुम्ही अक्षरांकडून जे मागताय ते त्यांच्याकडे नाहीच. 'जी' म्हणजे कुठला स्वर एवढंच ते अक्षर सांगतं. तो किती धरायचा, कुठे थांबायचं, कुठे घाई करायची, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. मग आपण सगळे स्वर सारख्याच लांबीचे वाजवतो आणि धून टाईपरायटरसारखी टकटक चालते. मी माझी पहिली थीम अशीच चार वेळा पूर्ण वाजवली, तेव्हा ताईने आतून विचारलं, "सुरुवात कधी करणार?"

आधी रेकॉर्डर बाजूला ठेवा. थीम तोंडाने 'ला ला' करत गुणगुणा आणि तिचा ठेका फक्त टाळ्यांनी वाजवा. नुसत्या टाळ्यांवरून दुसऱ्याला गाणं क्वचितच ओळखता येतं, पण तुमचा ठेका त्याने पक्का होतो. आणि ठेका काढून नुसते स्वर दिले तरी धून ओळखणं अवघड जातं. टाळ्या नीट बसेपर्यंत रेकॉर्डरला हात लावू नका.

मग तोच ठेका कागदावर उतरवा. यासाठी मी आपलं शास्त्रीय संगीत लिहायच्या भातखंडे लिपीतली आडवी रेघ उसनी घेतली. स्वरापुढे जेवढ्या रेघा, तेवढ्या मात्रा तो आणखी धरायचा. समजा कागदावर नुसतं 'जी ए बी जी' आहे. तुमच्या कानाला पहिला स्वर लांब वाटला तर लिहा: जी – – ए । बी – जी –. म्हणजे जी तीन मात्रा, ए एक, मग बी दोन आणि जी दोन. आता हीच अक्षरं जी – ए – । बी – – जी अशी वाजवून बघा. बोटं तीच, धून वेगळी. विरामाच्या जागी मी शून्य लिहितो, आणि श्वास शक्यतो तिथेच घेतो. मधेच दम संपला की ओळ तुटते.

एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं तर फुंक तशीच चालू ठेवली की दोघांचा मिळून एक लांब स्वर होतो. प्रत्येक स्वराला जिभेने हलकासा 'तू' द्यायचा. ओठांनी फुंक तोडायची नाही, काम जिभेचं आहे. नवशिक्यांच्या निम्म्या धुनी इथेच बिघडतात असं माझं मत आहे.

दुसरी भानगड सप्तकाची. तुमचा सोप्रानो, म्हणजे नेहमीचा लहान रेकॉर्डर असेल असं धरतो (साधारण ३२-३३ सेंटीमीटर लांब). त्यावर सी दोन जागी सहज मिळतो. सगळी भोकं झाकली की खालचा सी. अंगठा मागे ठेवून डाव्या हाताचं फक्त मधलं बोट ठेवलं की वरचा सी. तेच बोट ठेवून अंगठा उचलला की वरचा डी. अक्षरं उतरवणारे कुणी अधिकचिन्ह देतात, कुणी लहान-मोठी अक्षरं वापरतात, कुणी काहीच करत नाहीत. त्यामुळे बी नंतर सी आला की तुम्ही खालचा सी वाजवता आणि धून जिन्यावरून घरंगळते. धुनी बहुतेक वेळा जवळच्या स्वरावरच जातात, म्हणून आधी जवळचा सी लावून बघा. कान मान्य करेल तिथे अक्षरावर एक बिंदू द्या, आपण तार सप्तकाला देतो तसाच.

एफ बेसूर येत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी वाद्य बघा. रेकॉर्डर दोन प्रकारचे असतात, बरोक आणि जर्मन, आणि एफची बोटं दोन्हींत वेगळी. समोरच्या भोकांपैकी वरून चौथं आणि पाचवं बघा. पाचवं लहान असेल तर जर्मन, चौथं लहान असेल तर बरोक. जर्मनवर एफला अंगठा आणि वरची चार भोकं पुरतात. बरोकवर त्याशिवाय सहावं आणि सातवंही झाकावं लागतं, पाचवं मात्र उघडं. माझ्याकडे वाद्य एका प्रकारचं होतं आणि बोटांचा तक्ता दुसऱ्या प्रकारचा. कित्येक दिवस मला वाटत होतं की माझा कानच खराब आहे.

खालचा सी किंचाळत असेल तर उजव्या हाताचं एखादं बोट भोकावर पूर्ण बसलेलं नाही, किंवा फुंक जास्त आहे. बोटाचं टोक नाही, गादी टेकवायची. आरशावर वाफ धरावी तेवढीच फुंक.

मूळ संगीताशी न जुळण्याचं कारण बहुधा पट्टी. सी म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी एक. नवशिक्यांसाठी अक्षरं उतरवताना शार्प-फ्लॅट (म्हणजे अर्ध्या स्वराने चढे-उतरे स्वर) टळावेत म्हणून धून सोप्या पट्टीत सरकवतात. समजा मूळ काळी एकमध्ये आहे आणि तुमचा कागद पांढरी एकमध्ये. दोन्ही एकत्र वाजले की कानात खडे पडणारच, तुमचं काही चुकलं नसलं तरी. स्वरांमधली अंतरं बरोबर असली की धून तीच राहते. 'सा' कुठेही धरला तरी बंदिश बदलत नाही, तसंच. मूळ फक्त ऐका, सोबत वाजवू नका. हौसच असेल तर रेकॉर्डिंगची पट्टी वर-खाली करणारी ॲप्स मिळतात. आणि वाद्य सोप्रानोपेक्षा बरंच लांब, म्हणजे आल्टो असेल, तर त्यावर सगळी भोकं झाकून सी नाही, एफ येतो. मग सोप्रानोचा बोटांचा तक्ता त्याला चालणार नाही.

एक राहिलंच. कागदात कुठे 'एच' दिसला तर ती छपाईची चूक नाही. जर्मन पद्धतीत आपल्या बीला एच म्हणतात आणि त्यांचा बी म्हणजे बी फ्लॅट. तो कागद वापरणार असाल तर आधी पेन्सिलीने सगळ्या बींचे बी फ्लॅट आणि मग सगळ्या एचचे बी करून घ्या.