तेल सोडू नकोस, मोजायला शीक

प्रिय,

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि त्यासोबतचं लांबलचक पत्र, दोन्ही वाचलं. रिपोर्टपेक्षा पत्रानंच जास्त काळजी वाटली. पित्ताशयात खडे आहेत हे कळल्यापासून तेलाचा थेंब नाही, दूध बंद, अंडं बंद, दिवसभर फळं आणि उकडलेल्या भाज्या. शिवाय वजन भराभर उतरतंय म्हणून तुला आनंदही झालाय. हे आधी थांबव. का, ते नीट सांगते.

यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशय म्हणजे जेमतेम 30 ते 50 मिलिलिटरची पिशवी. तिथे हा रस साठतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो दाट होतो. जेवणातला स्निग्धांश लहान आतड्यात उतरला की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि त्यानं पित्ताशय आकुंचन पावतं. खडा तोंडाशी अडकतो तो बहुधा याच वेळी, आणि मग उजव्या बरगडीखाली ती कळ येते, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते. जड जेवणानंतर, पुष्कळदा रात्री दुखतं ते यामुळे.

पण जेवणात स्निग्धांश नसलाच तर ही पिशवी नीट रिकामीच होत नाही. रस साचून राहतो, आणखी दाट होतो, आणि नवे खडे धरायला आयती सोय होते. त्यात वजन झपाट्यानं घटलं की यकृत पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवणाऱ्यांत खड्यांचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. थोडक्यात, तुझं हे पथ्य खड्यांच्याच पथ्यावर पडतंय.

मग किती खायचं? दिवसाला 40 ते 50 ग्रॅम स्निग्धांश ही सुरुवातीला धरायची मर्यादा. तुझ्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर त्यांचाच खरा. मात्र हा सगळा कोटा एका ताटात संपवायचा नाही. दुपारी कोरडं खाऊन रात्री 35 ग्रॅम घेतलेस तर दिवसाची बेरीज बरोबर येईल आणि मध्यरात्री कळही येईल. प्रत्येक जेवणात 10 ते 15 ग्रॅम, इतकंच. पित्ताशय हलतं राहायलाही तेवढं लागतंच.

आता अंदाज यायला काही आकडे. चहाच्या चमचाभर तेलात साडेचार ग्रॅम स्निग्धांश असतो. एका अंड्यात जवळपास पाच ग्रॅम, आणि तो सगळा बलकात. पांढरा भाग तू बिनधास्त खा. साय न काढलेल्या पेलाभर दुधात सात ग्रॅमच्या आसपास. बदामाचं निम्मं वजन स्निग्धांशाचंच असतं, त्यामुळे ‘पौष्टिक म्हणून’ घेतलेली 30 ग्रॅमची मूठ म्हणजे एका जेवणाचा अख्खा वाटा. चीजचं वजनही साधारण एक तृतीयांश स्निग्धांशाचं. डाळी, मासे, कातडी काढलेलं चिकन, स्निग्धांश काढलेलं दूध यांवर प्रथिनांची भर काढता येते. तेल बाटलीतून ओतायचं नाही, चमच्यानं घालायचं. एवढ्या एका सवयीनं बाकीची निम्मी उठाठेव वाचते.

‘कोणतं तेल चांगलं?’ हा प्रश्न तुझ्याही पत्रात आहेच. खरं सांगू, या प्रश्नाचा मला कंटाळा आलाय. ऑलिव्हचं असो की आणखी कशाचं, तेल म्हणजे जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश; लोण्यातही तो 80 टक्क्यांच्या आसपास असतो. हृदयासाठी तेलाची निवड महत्त्वाची आहे, जरूर कर. पण कळ टाळायची तर आधी मोजमाप बघायचं.

पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांवरही विसंबू नकोस. घन पदार्थाच्या 100 ग्रॅममध्ये तीन ग्रॅमपर्यंत स्निग्धांश असेल तर ‘लो फॅट’ म्हणायची आंतरराष्ट्रीय मुभा आहे, पण काढलेल्या चवीची भरपाई अनेकदा साखरेनं केलेली असते. मागचा तक्ता वाच.

पोट फुगणं, आंबट ढेकर, जेवल्यावरची मळमळ हे सगळं खड्यांच्याच माथी मारू नकोस. खडे असलेल्या बहुतेकांना त्यांचा काही त्रासही नसतो. स्निग्धांश कमी करूनही पोट फुगतच असेल तर पथ्य आणखी कडक करून उपयोग नाही, कारण दुसरीकडे असू शकतं. काय खाल्लं, किती वाजता, आणि किती वेळानं दुखलं हे लिहून ठेव आणि ती वही डॉक्टरांना दाखव. नुसत्या ‘मला तेल सोसत नाही’पेक्षा त्यांना ती जास्त उपयोगी पडेल.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे ‘पाडायचा’ उपाय तुला कुणीतरी सांगितलाय. करू नकोस. शौचातून पडणारे ते हिरवट गोळे पोटात त्या तेलाचेच बनलेले असतात, साबणासारखे. खडे असतात तिथेच राहतात, आणि एकदम एवढं तेल गेल्यानं पित्ताशय जोरात आवळलं तर कळ मात्र खरी येते. आहारानंही खडे विरघळत नाहीत, हे आत्ताच लक्षात घे. आहारानं त्रास कमी होतो, विचार करायला सवड मिळते. कळा परत परत येत असतील तर पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळेल, आणि तो पथ्याच्या जोरावर वर्षानुवर्षं टोलवत राहू नये, असं माझं मत आहे. ते काढल्यावर पित्तरस यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतो. बहुतेक लोक काही आठवड्यांत नेहमीसारखं जेवू लागतात. काहींना पातळ शौचाचा त्रास होतो. तेव्हा घास लहान ठेवून स्निग्धांश हळूहळू वाढवायचा; ओटसारख्या पदार्थांतल्या विरघळणाऱ्या तंतूंचा तिथे उपयोग होतो.

आणि एक, हे घरातल्यांनाही वाचून दाखव. कळ काही तास उलटूनही थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, किंवा दुखणं पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनात, तर आहाराचा विषय तिथेच संपला. थेट रुग्णालय गाठ. मला फोन करून काय खाऊ हे विचारत बसू नकोस.

तुझी,
ताई