नव्या जहाजाचा प्रोपेलर: नवशिक्या डिझायनरसाठी

बेलापूरच्या ऑफिसात रुजू झालास, छान. आता बी-मालिकेचे (प्रमाणित प्रोपेलरच्या चाचण्यांवरून काढलेले) आलेख हातात येतील, त्यावरून व्यास, पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर), पात्यांचं क्षेत्रफळ काढशील. ते जमतं सगळ्यांना. खरा वेळ इंजिनाशी मेळ घालण्यात दे. नव्या जहाजाचा तळ गुळगुळीत असतो. पुढे त्यावर शेवाळ, शिंपले चढले की तोच प्रोपेलर जड पडतो आणि इंजिनावर ताण येतो. म्हणून सुरुवातीला तो साधारण ४ ते ७ टक्के हलका फिरेल (म्हणजे तेवढ्याच शक्तीला तितके जास्त फेरे घेईल) अशी पिच ठेवतात. मालक म्हणेल, पिच वाढवा, वेग मिळेल. ऐकू नकोस.

मग कॅव्हिटेशन. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की गार पाणीही उकळतं; ते बुडबुडे फुटताना निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझसुद्धा कुरतडलं जातं. चार्ल्स पार्सन्स या अभियंत्याच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजाचा वेग यामुळेच अडला होता. त्याने १८९५ मध्ये त्यासाठी छोटा टनेल (प्रोपेलर तपासायचा पाण्याचा बोगदा) बांधला आणि शेवटी तीन शाफ्टवर नऊ प्रोपेलर बसवले! मॉडेल चाचणीचा अहवाल आला की आधी वेकचा, म्हणजे जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या मंद पाण्याचा, आलेख बघ; प्रोपेलर एकटा कसा फिरतो यापेक्षा जहाजामागे कसा फिरतो ते महत्त्वाचं.

स्पीड ट्रायल ठाण्याच्या खाडीत उरकू म्हणणारे भेटतील. साफ नाही म्हण, उथळ पाण्यात रोध वाढतो. बाहेर खोल पाण्यात, एकाच रेषेवर दोन्ही दिशांनी पळव, म्हणजे भरती-ओहोटीचा ओढा सरासरीत निघून जातो. टगची (जहाजं ओढणाऱ्या बोटीची) बोलार्ड पुल चाचणी, म्हणजे जागच्या जागी दोर किती जोराने ओढते त्याची मोजणी, मात्र धक्क्याजवळच होते. तिथे दोर लांब ठेव, नाहीतर प्रोपेलरचा झोत धक्क्यावर आपटून आकडा कमी येतो.