डब्यावरचा शब्द आणि इंजिनाची झीज

प्रश्न : इंजिन ऑइलच्या 5डब्ल्यू-30 या ग्रेडचे (दाटपणाच्या वर्गाचे) दोन डबे, दोन्हींवर ‘फुल्ली सिंथेटिक’. तरी एकाची किंमत जवळपास दुप्पट. का?

उत्तर : कारण ‘सिंथेटिक’ या शब्दाच्या आड वेगवेगळी तेलं बसतात. एपीआय या अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेने बेस ऑइलचे, म्हणजे ॲडिटिव्ह (गुण वाढवणारी रसायनं) मिसळण्याआधीच्या मूळ तेलाचे, पाच गट केले आहेत. तिसऱ्या गटातलं तेल कच्च्या तेलातूनच निघतं, फक्त हायड्रोजनच्या प्रक्रियेने खूप शुद्ध केलेलं असतं. चौथा गट म्हणजे पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन). ते लहान रेणू जोडून तयार करतात आणि त्याला खर्चही जास्त येतो. 1999 साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातींच्या वादात तिसऱ्या गटालाही ‘सिंथेटिक’ म्हणायला मोकळीक मिळाली. त्यावर कार कंपन्यांच्या मान्यतांसाठी कराव्या लागणाऱ्या इंजिन-चाचण्यांचा खर्च, जाहिरात, विक्रेत्याचं कमिशन आणि 18 टक्के जीएसटी चढतो.

म्हणून डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. नुसतं एपीआय एसपी (पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा एपीआयचा दर्जा) लिहिलेल्या 5डब्ल्यू-30 ला 150 अंशांवर किमान 2.9 एककं (मिलिपास्कल-सेकंद) दाटपणा पुरतो. एसीईए सी3 (युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा दर्जा) असेल तर किमान 3.5 लागतो. ग्रेड एकच, पण तापलेल्या बेअरिंगमधला तेलाचा थर वेगळा. मात्र 3.5 वालं तेल प्रत्येक गाडीला चांगलंच असं नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलं आहे तेच भरा. त्याहून महाग डब्याचे जादा पैसे इंजिनाच्या उपयोगी पडत नाहीत.

प्रश्न : व्हिडिओत चार गोळ्यांच्या मशीनवर एका ऑइलचा झिजेचा चट्टा 0.40 मिमी आणि दुसऱ्याचा 0.46 मिमी आला. मग पहिलं ऑइल घ्यावं का?

उत्तर : एवढ्यावरून घेऊ नका. या चाचणीत 12.7 मिमीच्या तीन पोलादी गोळ्या वाटीत घट्ट बसवतात आणि चौथी त्यांच्यावर 40 किलोच्या दाबाने मिनिटाला 1200 फेऱ्यांनी तासभर फिरवतात. ऑइल 75 अंशांवर ठेवतात. मग खालच्या गोळ्यांवरचे चट्टे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. त्याच माणसाने, त्याच मशीनवर, तेच ऑइल पुन्हा तपासलं तरी 0.12 मिमीपर्यंत फरक येऊ शकतो. तेव्हा 0.06 मिमीला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रचंड दाबाखाली धातूवर धातू घासणाऱ्या अशा मशीनवर, विशेषतः हाताने दांडा दाबून दाखवतात त्या प्रात्यक्षिकात, क्लोरीन असलेलं ॲडिटिव्ह सहज बाजी मारतं. तेच इंजिनात बेअरिंग गंजवू शकतं. अशी बाटली ऑइलमध्ये ओतू नका.

एपीआय एसपी मिळवायचं तर खऱ्या इंजिनावर उतरावं लागतं. सिक्वेन्स 4बी या चाचणीत टोयोटाचं 1.5 लिटर पेट्रोल इंजिन 200 तास चालवतात. तीस सेकंदांचं एक चक्र, अशी 24,000 चक्रं, आणि प्रत्येकात वेग चढतो-उतरतो. शेवटी इनटेक बाजूचे लिफ्टर (कॅमच्या खाली घासत व्हॉल्व्ह उघडणारे भाग) काढून किती धातू झिजला ते घन मिलिमीटरमध्ये मोजतात, सरासरी 2.7 च्या वर गेली की ऑइल नापास. कॅम आणि लिफ्टर इंजिनात जसे घासतात तसेच इथे घासतात, म्हणून या निकालावर भरवसा ठेवता येतो.

प्रश्न : 5,000 ऐवजी 10,000 किमीला ऑइल बदललं तर सिंथेटिक परवडेल का?

उत्तर : साडेतीन लिटर ऑइल लागतं आणि साधं 350 रुपये लिटर, सिंथेटिक 700 असं धरा. दोन्हींचा खर्च हजार किमीला 245 रुपयेच येतो. वर सिंथेटिकमध्ये एका फिल्टरचे आणि एका मजुरीचे पैसे वाचतात. पण वॉरंटीत कंपनीने दिलेली मुदत ओलांडू नका. वॉरंटी संपल्यावरही अंदाजाने वाढवू नका, प्रयोगशाळेतून तपासून घ्या : इंजिन गरम असताना ड्रेन नट उघडा, पहिली धार सोडून द्या आणि मधल्या धारेतलं 100 मिली कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्या. अहवालातलं लोह किलोमीटरांनी भागून मागच्या वेळेशी ताडून पाहा. लोहाबरोबर सिलिकॉनही वाढलं असेल तर ऑइलला दोष देण्याआधी एअर फिल्टर आणि त्याच्या डब्याचं रबर बघा. धूळ तिथूनच शिरते. एक मर्यादा लक्षात ठेवा : नेहमीच्या चाचणीत साधारण 5 मायक्रॉनहून मोठे कण नीट मोजले जात नाहीत. म्हणून जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पसरा. चकाकणारे कपचे दिसले तर अहवाल कितीही चांगला असला तरी गाडी मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न : कारचं उरलेलं 5डब्ल्यू-30 मोटरसायकलमध्ये चालेल?

उत्तर : नाही. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या ॲडिटिव्हमुळे तो घसरू लागतो. डब्यावर जासो (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 आहे का ते पाहा.