नवरात्राच्या उपवासात डोळे पिवळे, बिलिरुबिन २.६, बाकी रिपोर्ट नॉर्मल : ही कावीळ आहे का?

तुम्ही दिलेल्या रिपोर्टमध्ये एकूण बिलिरुबिन २.६, त्यातलं डायरेक्ट (यकृताने विरघळणारं केलेलं) फक्त ०.४, आणि एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज या यकृताच्या तपासण्या नॉर्मल आहेत. हे चित्र बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम या जन्मजात स्थितीचं आहे, यकृत बिघडून झालेल्या काविळीचं नाही. फ्रेंच डॉक्टर ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं.

जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. यकृतातलं यूजीटी१ए१ हे एन्झाइम ते पाण्यात विरघळेल असं करतं आणि मग ते पित्तातून बाहेर जातं. गिल्बर्टमध्ये जन्मतःच या एन्झाइमचं काम साधारण ३० टक्क्यांवर असतं. एरवी तेवढं पुरतं. कडक उपवास, ताप, जागरण, पाणी कमी पडणं, यात आकडा चढतो आणि जेवण सुरळीत झालं की आपोआप उतरतो. म्हणूनच काविळीची माळ घातली की गुण आला असं वाटतं. कृपा करून त्यात आणि झाडपाल्यात पडू नका, काही औषधांनी चांगलं यकृत बिघडतं.

मात्र सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी) नक्की करा. सिकलसेल किंवा थॅलेसेमियातही लाल पेशी लवकर मोडून इनडायरेक्ट (अजून न विरघळलेलं) बिलिरुबिन वाढतं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे मूळ असेल तर सिकलसेलची तपासणी टाळू नकाच.

डायरेक्ट वाढलं असतं तर डुबिन-जॉन्सन, रोटर या दुर्मिळ जन्मजात आजारांचा विचार केला असता. क्रिग्लर-नज्जार हा याच एन्झाइमचा गंभीर आजार, पण तो बहुधा तान्हेपणीच दिसतो.

गिल्बर्टला औषध लागत नाही. कधी कॅन्सरसाठी इरिनोटेकान हे औषध द्यायची वेळ आली तर गिल्बर्ट असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच दाखवा.